पंधरा यार्डांचा नमस्कार

माझं वजन एकशे चोवीस किलो होतं आणि त्याबद्दल मला पगार मिळत होता. असं वाक्य माणसाला आयुष्यात एकदाच लिहायला मिळतं, म्हणून ते आधी लिहून मोकळा होतो. आता वजन उतरलंय, पगार पुन्हा गिअरबॉक्सचा मिळतोय आणि डावा गुडघा जिना चढताना माझ्याशी बोलत नाही. पण न्युरेम्बर्गजवळच्या एका क्लबाकडून मी अमेरिकन फुटबॉल खेळलो, तोही नुसता रविवारची हौस म्हणून नाही, तर करारावर सही करून, धंदा म्हणून. कराडच्या पिठाच्या गिरणीतून या धंद्यात पडलेला दुसरा कुणी असेल तर त्याला भेटायला मला फार आवडेल.

खेळ काय असतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर माझ्या मामासारखी तुमचीही गत व्हायची. त्याला अजून वाटतं, मी गोलकीपर होतो. तर बॉल एका संघाकडे असतो आणि दहा यार्ड पुढे सरकायला त्यांना चार संधी मिळतात. दुसरा संघ त्यांना सरकू देत नाही. मी या सरकू न देणाऱ्यांतला, आणि त्यातही अगदी मधला. समोरचा सेंटर नावाचा एक धिप्पाड गडी वाकून बॉल आपल्या दोन पायांमधून मागे देतो, आणि मी त्याच्या नाकासमोर नाक आणून बसलेला असतो. म्हणून माझ्या जागेला नोज टॅकल म्हणतात. नोज टॅकलनं पळायचं नसतं, बॉल झेलायचा नसतो, गुण मिळवायचे तर नसतातच. समोरचे दोघं ढकलत असताना जागचं हलायचं नाही, एवढंच काम. लहानपणी ज्या गुणाबद्दल मी घरादाराची बोलणी खाल्ली, त्याच गुणासाठी जर्मनीत लोक तिकीट काढून यायचे.

यात मला पाडलं एका वॉशिंग मशीननं. जर्मनीत घर बदलणं, म्हणजे उम्त्सुग, हे सार्वजनिक कार्य असतं. ओळखीपाळखीच्यांना बोलवायचं, त्यांच्याकडून जिन्यावरून सामान वाहून घ्यायचं आणि शेवटी पिझ्झा खायला घालायचा. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, तिथल्याच एकाच्या उम्त्सुगला गेलो होतो. चौथा मजला, लिफ्ट नाही. खाली चार जर्मन इंजिनिअर मशीनभोवती उभे राहून ते कुठून धरावं यावर चर्चा करत होते. चर्चा छान रंगली होती, पण पिझ्झा वर होता. मी मशीन पाठीवर घेतलं आणि वर नेऊन ठेवलं. गव्हाची पोती मी कळत्या वयापासून अशीच उचलत आलो होतो, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. दुसऱ्या मजल्यावर मात्र एक पन्नाशीचा माणूस दार उघडून बघत उभा होता. मी खाली येताना त्यानं मला थांबवलं, बैलबाजारात मारतात तशी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, गुरुवारी संध्याकाळी काय करतोस? हा क्लबाचा कोच. दिवसा तो एका शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि संध्याकाळी आम्हाला. दोन्हीकडे त्याची पद्धत एकच होती, आधी माप घ्यायचं आणि मग तासायचं.

त्याला मी आवडण्याचं आणखी एक कारण त्यानं नंतर सांगितलं. संघात अमेरिकन खेळाडू मोजकेच चालतात असा नियम होता. भारतीय किती चालतात याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं, कारण तशी वेळच कधी कुणावर आली नव्हती. म्हणजे मी नियमाच्या फटीतून आत शिरलेला माणूस. आता माझ्याकडे बघा आणि फट केवढी असेल याचा अंदाज करा.

दोन वर्षं मी क्लबाच्या दुसऱ्या संघात नोकरी सांभाळून खेळलो. मग वरच्या डिव्हिजनमधल्या मुख्य संघाचा मधला गडी लग्न करून नवरीच्या गावी राहायला गेला आणि कोचनं मला विचारलं, वर्षभर पूर्ण वेळ खेळशील का, पगार देऊ. जर्मन कंपन्यांत एक बरं असतं, साब्बाटिकल म्हणून बिनपगारी वर्षभराची सुट्टी मागता येते आणि साहेब ती देताना कुणी मेल्यासारखं तोंड करत नाही. खरी परवानगी हवी होती ती घरातली. माझी बायको पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, तीन दिवस घरून काम करणारी. तिनं दोन दिवस विचार केला. "एक वर्ष," ती म्हणाली. "पुढचा करार मिळाला तर बघू. नाही मिळाला तर गपगुमान गिअरबॉक्स."

मला तो पुढचा करार हवा होता. कसा सांगू किती हवा होता! शाळेत पी.टी.चे सर मला कवायतीत शेवटच्या रांगेत उभं करायचे, कारण पुढे उभा केला तर मागचे तिघं दिसत नसत. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरे. शिंपी माप घेताना टेप दोनदा लावून बघे. चौतीस वर्षं मी या शरीराबद्दल मनातल्या मनात लोकांची माफी मागत वावरलो होतो. आणि इथं एका मैदानावर दहा माणसं माझ्या पाठीशी उभी होती आणि त्यांना बरं वाटत होतं की मी एवढा आहे. ते सुख एका वर्षात संपू नये, एवढंच माझं मागणं होतं.

आणि ते हातचं जायची वेळ आली ती माझ्या चांगल्या सवयीमुळे.

आमची गिरणी म्हणजे दहा बाय बाराची खोली. संध्याकाळी पाच ते आठ जमिनीवर नुसते डबे. पत्र्याचे, स्टीलचे, झाकणाला चिठ्ठी लावलेले, मधून मधून पिशव्या, आणि पायरीवर दळणाची वाट बघत बसलेली माणसं. त्यातून वाट काढायची तर पाय कशाला ना कशाला लागायचाच. आणि डब्याला पाय लागला की आई जात्याच्या घरघरीतूनही बघायची. अन्न आहे ते, असं तिनं मला एकदाच सांगितलं असेल, पुन्हा सांगावं लागलं नाही. पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो छातीला न्यायचा. डब्याला, माणसाला, कुणाच्या पिशवीला. एका संध्याकाळी पन्नास वेळा तरी होत असेल. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला काय सांगायचं. पुस्तकाला पाय लागला तर तुमचाही हात जातोच. तुमचा जातो, माझा सुटतो, एवढाच फरक.

दुसऱ्या संघात हे खपून गेलं. तिथले पंच आजूबाजूच्या गावांतले निवांत आजोबा होते. मी पडलेल्या गड्याला हात लावून बघतो तो जिवंत आहे की नाही, असा त्यांचा समज होता आणि त्यांना माझं कौतुक वाटायचं. मुख्य संघाच्या पहिल्याच मॅचला मात्र गडबड झाली. ढकलाढकली झाली, सगळे एकमेकांवर पडले, शिट्टी झाली. मी उठताना माझा बूट समोरच्या सेंटरच्या खांद्याला लागला. झालं, मी वाकलो, त्याच्या खांद्याला बोटं लावली आणि हात वर नेला. आता डोक्यावर हेल्मेट, छातीवर हे एवढं चिलखत. हात आपला गेला तो तोंडापुढच्या जाळीला. लांबून काय दिसलं असेल ते मनाशी आणा: एक महाकाय माणूस पडलेल्याला तुडवतो, मग वाकून त्याला कुरवाळतो, आणि वर स्वतःच्या बोटांचा मुका घेतो.

तो सेंटर पंचवीस वर्षांचा, सहा फूट चार इंच, मानेपर्यंत लाल झाला. पंचानं पिवळा रुमाल टाकला. खिजवण्याबद्दल पंधरा यार्ड दंड. मी मागे वळून बघत होतो की आमच्यातल्या कुणी काय केलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तेच पुन्हा, त्याच सेंटरला, यावेळी गुडघ्यावर. एका मॅचमध्ये असे दोन रुमाल पडले की खेळाडूला बाहेर काढतात. मला काढलं. आम्ही हरलो.

कोचला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं सुताराच्या चिकाटीनं ऐकलं, मग आल्झो, म्हणजे तर मग, असं म्हणत प्रश्न सुरू केले. बुटासकट लागला तरी करायचं का? त्याचा पाय तुला लागला तर? मग ते तो करणार, मी म्हणालो. पण तो तर करत नाही. तो कराडचा नाही, मी म्हणालो. शेवटी त्यानं विचारलं, त्याचा एवढा मान ठेवतोस तर मग त्याला ढकलतोस कशाला? मी सांगितलं, ढकलणं हे काम आहे, पाय लागणं ही चूक. गेनाऊ, अगदी बरोबर, कोच म्हणाला, पण पंचाला हे कोण सांगणार?

मग त्याच्या डोक्यात खास जर्मन विचार आला. या देशात कागद असला की काहीही चालतं. मला एक बेशाइनिगुंग, म्हणजे दाखला हवा, की हा हावभाव धार्मिक-सांस्कृतिक स्वरूपाचा असून त्यात अपमानाचा हेतू नाही. असा दाखला देणार कोण? मी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. त्यांनी आधी अर्धा तास हा खेळ म्हणजे रग्बीच ना, हे विचारलं आणि मग दोन पानी पत्र लिहिलं, ज्यात वेदकालापासून सुरुवात होती आणि माझा उल्लेख दुसऱ्या पानाच्या शेवटी होता. नमनालाच घडाभर तेल. पण खाली मंडळाचा गोल शिक्का होता, गणपतीच्या पावत्यांसाठी केलेला, मधोमध मोदक. कोच शिक्का बघून इतका खूश झाला की त्यानं मजकूर वाचलाच नाही.

तीन आठवड्यांनी पंचांच्या कार्यालयातून उत्तर आलं. फार सुसंस्कृत उत्तर होतं. माहितीबद्दल आभार मानले होते, मोदक काय असतो हेही विचारलं होतं. पण नियम हावभाव करणाऱ्याच्या हेतूचा नसून पडलेल्याला काय वाटतं याचा आहे, असं त्यांनी कळवलं होतं. आणि पडलेल्या खेळाडूच्या हातात त्या क्षणी आपला दाखला नसतो, असंही खाली लिहिलं होतं. मला तर पटलंच.

तोवर आणखी एक रुमाल पडला होता. कोचनं मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं: क्लबाचं म्हणणं आहे, हंगामात आणखी एकदा जरी झालं तर पुढचा करार नाही. तो म्हणाला, लाकडात पीळ असेल तर तो काढता येत नाही, वळवता येतो. तुझा हात जायचाच असेल तर जाऊ दे, पण दुसरीकडे. त्यानं माझे दोन्ही हात धरून माझ्याच चिलखताच्या गळ्याशी नेऊन ठेवले. पाय लागला की गळा धरायचा आणि चालू लागायचं. बस्स.

सराव सुरू झाला. सहा खेळाडू गवतावर ओळीनं आडवे झोपायचे आणि मी त्यांना एकेकाला पाय लावत जायचं. पहिल्या दिवशी मी सहाच्या सहा नमस्कार केले आणि सातवा कोचला, कारण वळताना त्यालाही पाय लागला. पोरांना याचा अर्थ कळल्यावर तर त्यांना हा प्रकार भलताच आवडला. जून संपेपर्यंत अख्ख्या संघात साथ पसरली. ड्रेसिंग रूममध्ये कुणाचा पाय कुणाच्या बॅगेला लागला की हे दोन मीटरचे बाव्हेरियन गडी वाकून हात लावायचे आणि बोटांचा मुका घ्यायचे. सगळ्या क्लबात ते करायला एकट्या मलाच बंदी होती.

घरचा सराव बायकोनं अंगावर घेतला. टीव्ही बघताना ती आपलं पाऊल हळूच माझ्या पायाखाली सरकवायची आणि माझा हात निघाला की सुपरमार्केटच्या ऑफरचं चोपडं गुंडाळून फाटकन त्याच्यावर मारायची. टोमॅटो स्वस्त झाल्याची बातमी मला मनगटावर मिळायची. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," ती म्हणायची, "बघू या काय काय मरतं ते." लग्नानंतर एवढं मन लावून तिनं माझ्यासाठी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. हे वाचून ती चिडेल, पण ते खरं आहे.

जुलैत आई आली, अडीच महिन्यांसाठी. गिरणी कामगाराच्या भरवशावर टाकून आलेय, हे तिनं रोज एकदा सांगायचं ठरवलं होतं. मी नोकरीवर जात नाही आणि खेळतो, याचं तिला काही वाटलं नाही. पगार देतात का विचारलं, देतात म्हटल्यावर मग बरं आहे म्हणाली. रुमालांचं मात्र आम्ही तिला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तू शिकवलेलं विसरायला क्लब मला पगार देतो? एकदा आई स्वयंपाकघरातून बाहेर यायला आणि सूनबाईंनी माझ्या हातावर चोपडं हाणायला एकच गाठ पडली. "अहो आई, डास होता," बायको म्हणाली. आईनं बंद खिडक्यांकडे पाहिलं, माझ्या पायाखालच्या सुनेच्या पावलाकडे पाहिलं, आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली.

ऑगस्ट अर्धा सरला आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की सलग पाच मॅच रुमाल पडलेला नाही. पाय लागत होते, हात गळ्याशी जात होते आणि मला त्याचं भानही राहत नव्हतं. कोच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, लाकूड वळलं.

शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये राहणार, हरलो तर खाली जाणार. समोर तोच पहिल्या मॅचचा संघ, आणि माझ्या नाकासमोर तोच लाल मानेचा सेंटर. दोन वर्षांचा माझा करार टाईप होऊन कोचच्या बॅगेत होता. आम्ही टिकलो आणि मी शहाण्यासारखा वागलो, तर सोमवारी सही.

आई मॅचला आली होती. ऊन लागतं म्हणून छत्री उघडून बसली होती आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी नम्रपणे विनंती केल्यावर तिनं छत्री मिटून त्यांना चकल्या वाटल्या. अकरा माणसांत मी कुठं उभा आहे ते तिला दाखवावं लागलं नाही, असं बायको सांगते. बाकी प्रत्येक वेळी ती विचारत होती, हा का पडला? आता तो का पडला? तासाभरानं तिनं विचारणं सोडलं आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि त्यांचा बॉल आमच्या शेवटच्या रेषेपासून जेमतेम सहा-सात यार्डांवर होता; ती ओलांडली की त्यांना सहा गुण. त्यांची तिसरी संधी. त्यांनी माझ्याच अंगावरून जायचं ठरवलं. सेंटर आणि त्याच्या शेजारचा, दोघंही माझ्यावर आले. मी दोन्ही पाय रोवले आणि आयुष्यभर जे जमलं तेच केलं. हललो नाही. बॉल घेऊन येणारा आमच्या ढिगावर आदळला आणि तिथंच बसला. शिट्टी झाली. मी उठलो, आणि उठताना माझा खिळ्यांचा बूट पूर्ण वजनानिशी त्या सेंटरच्या उघड्या हातावर पडला. बोटं चेंगरलेली मला तळव्याला कळली. तो ओरडला. या क्षणी रुमाल पडला असता तर त्यांना नव्यानं चार संधी मिळाल्या असत्या, आणि माझ्या कराराचा कागद बॅगेतच राहिला असता.

माझे हात गळ्याशी गेले. मी चालू लागलो.

रुमाल पडला नाही. चौथ्या संधीला त्यांनी बॉल फेकला, तो कुणालाच न सापडता गवतावर पडला आणि आम्ही जिंकलो. सगळे धावत आले. कोच माझ्या गळ्यात पडला, त्याचे डोळे भरले होते, आणि तो जिंकल्याबद्दल नाही तर माझ्या हातांबद्दल बोलत होता. गेनाऊ झो, गेनाऊ झो, असंच करायचं. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की मी त्याला उचलला.

त्याला खाली ठेवून बघतो तर कुंपणाशी आई उभी होती. मी नाचतच तिच्याकडे गेलो. तिनं माझ्या घामेजल्या तोंडावरून हात फिरवला.

"त्या मुलाला तुझा पाय लागला," ती म्हणाली.

मी म्हणालो, आई, खेळच असा आहे, पाय लागतोच.

"लागतोच रे. लागण्याचं मी म्हणतच नाही."

आणि ती कुंपणाच्या फाटकातून मैदानात शिरली. बायको तिच्या मागे धावली. तो सेंटर त्यांच्या बाकावर हातावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिनं बर्फ बाजूला केला, सुजलेली दोन बोटं बघितली. मग ती वाकली. त्याच्या हाताला तिनं बोटं लावली आणि ती आपल्या छातीला नेली. सदुसष्ट वर्षांची बाई, माझ्या जागी, माझ्यासाठी.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग मान वर करून मैदानाच्या या टोकाला मला शोधलं. मे महिन्यातल्या त्या पहिल्या मॅचला त्याच्या बाबतीत दोनदा काय झालं होतं ते त्याला आत्ता समजलं. आख झो, म्हणजे अच्छा, असं होय, तो म्हणाला, असं बायकोनं मला सांगितलं. तिनं त्याला दोन वाक्यांत अर्थ सांगितला आणि तो मोठ्यानं हसला. मग त्या शहाण्यानं चांगला हात पुढे करून आईच्या खांद्याला लावला आणि स्वतःच्या बोटांचा मुका घेतला, कारण तो ते माझ्याकडून असंच शिकला होता. आईला मुलगा चांगल्या घरचा वाटला.

मी दहा पावलांवर होतो. आईला मी दुसऱ्याच्या चुकीसाठी वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती माझ्यामुळे वाकली होती. मला तिथं जायचं होतं. तेवढ्यात संघाच्या फोटोसाठी हाका आल्या आणि मी फोटोला गेलो. इथं मी काहीही लिहू शकलो असतो, बायको सोडली तर वाचणाऱ्यांतलं कुणी तिथं नव्हतं. पण मी फोटोला गेलो. फोटोत मी मधोमध आहे.

सोमवारी क्लबात जाऊन सही केली. दोन वर्षांचा करार, पहिल्या पानावर माझं नाव आणि जागेपुढे नोज टॅकल. कंपनीला कळवलं की साब्बाटिकल वाढवून हवा. बायकोनं केक आणला. आईनं कागद चष्मा लावून उलटसुलट बघितला, जर्मन तिला कळत नव्हतं, पण शिक्का आहे ना हे तिनं बघून घेतलं. मॅचचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीच दोनतीनदा काढायचा प्रयत्न केला आणि दरवेळी तिनं मला काहीतरी खायला दिलं.

बुधवारी तिचं विमान होतं. सकाळी ती हॉलमध्ये जमिनीवर बसून बॅग भरत होती. शेजारणीसाठी चॉकलेटं, कामगाराच्या पोरीसाठी स्वेटर, आणि मैदानावरून आणलेला संघाचा झेंडा, तोही घडी घालून. मला टॅक्सीवाल्याला फोन करायचा होता, मी घाईनं तिच्या बाजूनं निघालो आणि माझा पाय तिच्या मांडीला लागला. चांगला जोरात लागला.

माझे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी टी-शर्टचा गळा धरला.

मी तसाच उभा राहिलो. आईनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्वेटर बॅगेत दाबून बसवला आणि चेन ओढली. मी खाली बसलो, तिच्या मांडीला हात लावला, छातीला नेला. प्रत्येक गोष्ट आठवून, एकेक करत.

"असू दे," ती म्हणाली. "सही केलीस ना? मग झालं."

केली होती.